शिकवणाऱ्या बाई पुन्हा शिकायला बसतात तेव्हा

आज शाळेविषयी बोलायचं आहे, आणि त्यातही शिक्षकांनी शिकण्याविषयी.

वस्तीवरच्या शाळेत एखादं मूल असतं. हाक मारली तर वळत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, किंवा चौथीत गेलं तरी त्याला दहापर्यंत मोजता येत नाही. बाई चांगल्या असतात. मारत नाहीत, हाकलत नाहीत. मागं बसवतात, खिचडी वाढतात, हजेरी लावतात. आणि एक दिवस आईला सांगतात, "ताई, याला कसं शिकवायचं ते मला कुणी शिकवलंच नाही. याला विशेष शाळेत घाला." विशेष शाळा नगरला, नाहीतर पुण्याला. आईला चार घरची कामं आणि दोन शेळ्या. मूल घरीच बसतं.

बाईंचं म्हणणं खोटं नसतं. त्यांना तसं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून आपल्या देशात बरंच काही झालं. काही पोहोचलं, काही वाटेत सांडलं. त्याचाच हा इतिहास आहे, आणि त्याचा पहिला धागा आपल्याच जिल्ह्यात सापडतो.

सिंथिया फरार नावाची एक अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. लग्न न केलेली, एकटी, समुद्र ओलांडून आलेली मिशनची शिक्षिका. १८३९ मध्ये ती नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. १८६२ मध्ये नगरलाच तिचा मृत्यू झाला. या फरारबाईंकडे नगरला सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं, आणि पुढं पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्येही, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवायची शाळा. आपण सावित्रीबाईंची पहिली शाळा लक्षात ठेवतो, अंगावर झेललेलं शेण लक्षात ठेवतो. कसं शिकवायचं हे त्याही आधी कुणाकडून तरी शिकल्या होत्या, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. त्या काळी मुलींना शिकवणं हेच "विशेष" काम होतं. मुलीची बुद्धी शिकण्याजोगी नसते असं चारचौघांत बोललं जायचं. आज मतिमंद म्हणून बाजूला बसवलेल्या मुलाबद्दल जे बोललं जातं, त्याच्याशी हे ताडून पाहा.

आता थेट अपंग मुलांच्या शिक्षणाकडे येऊ. मी "अपंग", "मूकबधिर", "मतिमंद" हे जुने शब्द जुन्या काळाबद्दल बोलताना वापरणार आहे, कारण कागदोपत्री तेच होते. आज आपण दिव्यांग म्हणतो.

मुंबईत माझगावला १८८५ मध्ये मूकबधिर मुलांची शाळा निघाली, ती देशातली पहिली. मग १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला. नगर जिल्हा त्यात होरपळला. आईबाप गेलेली मुलं मिशनच्या आश्रयाला आली, आणि त्यांत काही आंधळी होती. या मुलांचं करायचं काय, या प्रश्नातून १९०० साली मुंबईत अमेरिकन मिशनच्या मिस अॅना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली. तीच पुढं दादरची अंधशाळा झाली. हे मिशन म्हणजे नगरला १८३१ पासून ठाण मांडून बसलेलं तेच मराठी मिशन. इकडं भीमेपलीकडं, दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या बायांमुलींमध्ये अंध मुलीही होत्या. रमाबाईंची लेक मनोरमा हिनं त्यांना ब्रेल शिकवलं. म्हणजे कागदावर उठवलेले ठिपके बोटांनी वाचायचे.

या सगळ्या शाळा चांगल्या होत्या, पण त्या वेगळ्या होत्या आणि शहरात होत्या. त्यांतले शिक्षक एकमेकांचं बघून शिकायचे, सुतार-लोहार आपल्या वडिलांकडून शिकतो तसं. त्यामुळं ती विद्या त्या चार भिंतींतच राहिली. गावच्या मास्तराला ती कळायचं कारणच नव्हतं, कारण गावच्या शाळेत असं मूल यायचंच नाही. आलं तर परत पाठवलं जायचं. स्वातंत्र्यानंतर संस्था वाढल्या. मुंबईत १९५२ मध्ये राष्ट्रीय अंध संघटना म्हणजे नॅब उभी राहिली. १९८३ मध्ये वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. शिक्षकांसाठी पदविका निघाल्या. पण रचना तीच राहिली. विशेष मुलाला विशेष शाळा आणि विशेष शिक्षक, आणि साध्या शाळेतल्या शिक्षकाला यातलं काहीच नाही.

कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात वेगळं सांगितलं होतं. जमेल तितक्या अपंग मुलांना इतर मुलांच्या शाळेतच शिकवा, असं. १९७४ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी एकात्म शिक्षणाची योजना काढली. वह्यापुस्तकांना पैसे, गणवेशाला पैसे, प्रवासाला पैसे. मूल शाळेत आलं, आणि मग वर्गात काय होणार? बाई तर त्याच, आणि त्यांचं शिक्षणही तेच जुनं.

या प्रश्नाला पहिलं नीट उत्तर दिलं ते १९८७ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पानं. दिल्लीची एनसीईआरटी, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणारी राष्ट्रीय संस्था, आणि युनिसेफ यांनी मिळून तो चालवला. देशात दहा ठिकाणी एकेक तालुक्याएवढा भाग निवडला. त्यात महाराष्ट्र होता, राजस्थान होता, ओडिशा, तमिळनाडू, अगदी नागालँड आणि मिझोरमही होते. निवडलेल्या भागातली सगळी मुलं तिथल्याच शाळांत जातील आणि तिथलेच शिक्षक त्यांना शिकवतील, असं ठरलं. याचं प्रशिक्षण कसं लावलं होतं ते मला फार शहाणपणाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर त्या भागातले सगळे प्राथमिक शिक्षक, एक आठवड्यासाठी. मूल ओळखायचं कसं, घाबरायचं नाही कसं, कुठं बसवायचं, एवढंच. दुसऱ्या पायरीवर त्यांतले साधारण दहा टक्के शिक्षक, सहा आठवड्यांसाठी. ते हातानं काम करून शिकायचे. तिसऱ्या पायरीवर अख्ख्या भागातून फक्त आठ-दहा शिक्षक, आणि त्यांना पूर्ण एक वर्षाचं शिक्षण. त्यासाठी क्षेत्रीय शिक्षण महाविद्यालयं होती, भोपाळ, अजमेर, म्हैसूर, भुवनेश्वर अशा ठिकाणी. वर्षभर शिकून आलेले हे शिक्षक परत आपल्याच भागात यायचे आणि आसपासच्या शाळांना आधार द्यायचे. अडलं की विचारायला माणूस जवळ असायचा.

यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वर्षाचं शिक्षण घेणारे बाहेरून आणलेले तज्ज्ञ नव्हते, आधीपासून वर्गावर शिकवणारेच होते. वर्गात चाळीस मुलं असताना काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं पुस्तक शिकून आलेला माणूस सांगतो, "या मुलाला रोज एक तास वेगळा द्या." वर्गावरचा माणूस विचारतो, "मग तो तास बाकीची एकोणचाळीस काय करतील?" आणि त्याचं उत्तरही शोधतो. त्या भागांतून आलेल्या नोंदी सांगतात की अपंग मुलं शाळेत टिकून राहिली, इतर मुलांच्या बरोबरीनं किंवा थोडी जास्तच.

आता तुम्ही विचाराल, एवढं सहा आठवडे आणि वर्षभर शिकण्यासारखं असतं तरी काय? माया असली की पुरे नाही का? माया लागतेच, पण तिच्यानं ब्रेल येत नाही. दोन-तीन गोष्टी सांगते, म्हणजे अंदाज येईल. तुमच्या घरातही त्या उपयोगी पडतील.

ज्या मुलाला कमी ऐकू येतं ते बऱ्याचदा ओठ बघून समजून घेतं. बाई फळ्याकडं तोंड करून लिहिता लिहिता बोलल्या की त्याच्यासाठी शाळा बंद होते. खिडकीकडं पाठ करून उभ्या राहिल्या तर उजेड मागून येतो, चेहरा काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत. बाईंनी उभं राहायची जागा बदलायला काहीच पैसे लागत नाहीत, पण हे कुणीतरी सांगावं लागतं. कमी दिसणाऱ्या मुलाला पहिल्या रांगेत बसवलं की काम झालं असं वाटतं. एखाद्याला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तो मान वाकडी करून बघतो आणि बाई ओरडतात, "सरळ बघ." खरं तर त्याचं ते वाकडं बघणंच त्याचं बघणं असतं. हे ओळखायचं प्रशिक्षण एका आठवड्यात मिळत नाही.

बौद्धिक अडचण असलेल्या मुलासाठी कामाचे तुकडे पाडायला शिकवतात. भाकरी करणं हे आपण एक काम म्हणतो, पण नव्या सुनेला शिकवताना आपण काय करतो? पीठ किती घ्यायचं, पाणी कोमट हवं, मळायचं कसं, गोळा, मग थापणं, मग तव्यावर टाकणं, वरून पाणी लावणं, उलटणं. आठ-दहा कामं आहेत ती. विशेष शिक्षण शिकलेली बाई शर्टाची गुंडी लावण्याचेही असेच तुकडे पाडते. आणि गंमत अशी की पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करते. गुंडी काजात अर्धी घालून देते, मुलानं फक्त पलीकडून ओढायची. काम मुलाच्या हातानं पूर्ण होतं आणि त्याचा चेहरा खुलतो. मग हळूहळू एकेक तुकडा मागं सरकत जायचं. वाचन, मोजणी, पैसे ओळखणं, सगळं याच पद्धतीनं. प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा लिहायचा. आज काय येतं, तीन महिन्यांनी काय यायला हवं, आणि ते आलं की नाही. यालाच वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणतात.

"तारे जमीन पर" सिनेमा २००७ चा, तुमच्यातल्या अनेकींनी पाहिला असेल. मुलाला अक्षरं का जमत नाहीत ते ओळखणारा मास्तर सगळ्यांना आवडला. तो विशेष मुलांच्या शाळेतही शिकवणारा होता, हे मात्र फार जणींच्या लक्षात राहिलेलं नसतं.

पुढचा काळ कायद्यांचा आहे, तो पटकन सांगते. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. विशेष शिक्षकाचं शिक्षण कसं असावं, त्याची नोंदणी कुठं व्हावी, हे ठरलं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका गावी ब्याण्णव देशांच्या सरकारांची परिषद भरली, आणि साध्या शाळेनं सगळ्या मुलांना सामावून घ्यावं असं एकमतानं जाहीर झालं. १९९५ मध्ये आपला अपंग व्यक्तींचा कायदा आला, १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आणि २०१२ मध्ये त्यात अपंग मुलांसाठी केलेली दुरुस्ती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, ज्यानं सात प्रकारांचे एकवीस प्रकार केले आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य म्हणून लिहून ठेवलं. एकेका कायद्यामागं कितीतरी जणांची आंदोलनं आहेत, पण त्यासाठी वेगळं भाषण लागेल.

सर्व शिक्षा अभियान आलं तेव्हा, २००१ च्या पुढं, प्रशिक्षण खरोखरच गावोगाव निघालं. काही दिवसांचं सगळ्यांना, पंचेचाळीस दिवसांचं काहींना, आणि पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेचं नव्वद दिवसांचं आणखी थोड्यांना. गट साधन केंद्रात विशेष शिक्षक आले. शाळाशाळांत फिरणारे आले. आपल्या जिल्ह्याची शिक्षण प्रशिक्षण संस्था संगमनेरला आहे, ती डाएट. कागदावर बघितलं तर १९८७ च्या तीनही पायऱ्या इथं दिसतात.

पण दुधाचा धंदा करणाऱ्या बायांना मी वेगळं काय सांगू? वरून निघालेलं दूध किती हातांतून जातं, त्यावर त्याचं फॅट ठरतं. दिल्लीत तज्ज्ञांनी राज्याच्या माणसांना शिकवायचं, त्यांनी जिल्ह्याच्या, जिल्ह्यानं तालुक्याच्या, तालुक्यानं केंद्राच्या. प्रत्येक टप्प्यावर दिवस कमी होत जातात, हातानं करायच्या गोष्टी गळतात, आणि शेवटी उरतं ते एका सभागृहातलं भाषण, चहा आणि सही. फिरत्या शिक्षकांच्या वाट्याला वर्षानुवर्षं कंत्राटी नोकरी आली. अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकर वस्तीवर किंवा पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबाकडं एकच माणूस महिन्यातून एकदा पोहोचला तर त्यानं काय शिकवायचं? त्यातही ऊसतोडीचं घर दिवाळीनंतर कारखान्यावर. मूल ज्या शाळेच्या पटावर, त्या शाळेत ते सहा महिने नाही. हा दोष कुणा एका शिक्षकाचा नाही. कमी शिकलेल्याला जास्त मुलं दिली आणि जास्त शिकलेल्याला कायम केलं नाही, हा मांडणीचा दोष आहे असं माझं मत आहे.

मांडणी वेगळी करता येते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, फक्त ते शाळेचं नाही. जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानं निवडलेल्या बाया, कितीतरी जणींना अक्षरओळख नाही, कित्येक जणी दलित वस्तीतल्या. त्यांना एकदाच महिनाभर कोंडून शिकवलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, नवीन शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, आणि पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन परत यायच्या. "असं केलं, पण बाळ दूध ओढेना" असं म्हणायला जागा होती, आणि उत्तर द्यायला माणूस होता. असं वर्षानुवर्षं चाललं. आरोळे पती-पत्नींना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक जामखेडला बघायला आले. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी हीच चाल वापरता येईल, असं मला फार वाटतं. प्रत्येक केंद्राची महिन्याला शिक्षण परिषद भरतेच. तिथं दर वेळी एका खऱ्या मुलाबद्दल अर्धा तास बोलणं झालं तरी वर्षात दहा मुलं होतात.

गेल्या पाच-सहा वर्षांत गोष्टी पुन्हा हलल्या आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की नोकरीत असलेल्या शिक्षकांना विशेष शिक्षणाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम द्यावेत, पूर्णवेळ किंवा नोकरी सांभाळून. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागं एक. आणि बाकीच्या सर्व शिक्षकांना, कर्मचाऱ्यांनाही, सक्तीनं प्रशिक्षण द्यावं. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. २०२४ मध्ये केंद्राच्या पातळीवर विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचं राज्यानं ठरवलं. शिक्षकाला मुलाची अडचण लवकर टिपता यावी म्हणून "प्रशस्त" नावाचं ॲपही निघालं आहे. ॲपनं खूण करता येते. पुढचं शिकवणं बाईंनाच करावं लागतं.

तुमच्या गटासाठी काही कामाच्या गोष्टी सांगते. सहा ते अठरा वयाच्या, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शाळा नाही म्हणू शकत नाही. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षामधून महिन्याला २०० रुपये, दहा महिन्यांसाठी, प्रोत्साहन भत्ता असतो. तो कितीतरी आयांना माहीतच नसतो. मूल अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळतं, त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शाळेत सांगा, नाहीतर गटातल्या एखाद्या शिकलेल्या लेकीला बसवा.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. म्हणजे तुमच्यातल्या काही जणी आत्ताच तिच्यात असतील, कदाचित सहीपुरत्या. पुढच्या बैठकीला गेलात की मुख्याध्यापकांना विचारा: आपल्या शाळेत विशेष गरजेची मुलं किती आहेत? आपल्यापैकी कोणत्या सरांनी किंवा बाईंनी त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलं आहे, कोणत्या साली आणि किती दिवसांचं? केंद्रातले विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते? उत्तरं वहीत लिहून घ्या, तारखेसकट, आणि त्याच्या पुढच्या बैठकीला ती वही सोबत न्या.